विमा नसताना मधुमेहाचा औषधोपचार: खर्च आवाक्यात ठेवून साखर ताब्यात कशी ठेवावी

मधुमेहाचे निदान नुकतेच झाले आहे, आरोग्य विमा नाही आणि औषधांपासून तपासण्यांपर्यंतचा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून करायचा आहे, अशा व्यक्तींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. मधुमेहाचा खर्च एखाद्या शस्त्रक्रियेसारखा एकदाच येऊन संपत नाही; तो दर महिन्याला येतो आणि बहुधा आयुष्यभर येत राहतो. सुरुवातीचे काही महिने तो कसाबसा झेपतो, पुढे घरातली दुसरी निकड उभी राहते, आणि मग अनेक जण कोणालाही न सांगता एकच मार्ग धरतात: गोळी एक दिवसाआड घ्यायची, इन्सुलिनचे काही युनिट कमी टोचायचे, किंवा हातात पैसे येईपर्यंत औषध थांबवायचे. २०१८ साली अमेरिकेतील एका मधुमेह केंद्रातील रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात इन्सुलिन घेणाऱ्या दर चार रुग्णांपैकी एकाने खर्चापायी इन्सुलिन कमी वापरल्याचे सांगितले, आणि अशा रुग्णांमध्ये साखर फार बिघडलेल्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच आग्रह आहे. औषध परवडत नसेल तर ते गुपचूप कमी करू नये. डॉक्टरांना तसे सांगून परवडणारे औषध लिहून घ्यावे आणि ते नियमित घ्यावे.

आधी समजून घ्यायची गोष्ट: डोस चुकला तरी त्रास का जाणवत नाही

साखर वाढल्याचे शरीर लगेच सांगत नाही, ही या आजारातली सर्वांत फसवी बाब आहे. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की ती मूत्रपिंडांतून लघवीत उतरू लागते. वारंवार लघवी होणे आणि तहान लागणे ही लक्षणे त्यानंतरची आहेत, आणि अनेकांना साखर दोनशेच्या पुढे असतानाही काहीच वेगळे वाटत नाही. त्यामुळे ज्याने आठवडाभर गोळ्या घेतल्या नाहीत त्याला ‘काही फरक पडला नाही’ असे प्रामाणिकपणे वाटते, आणि पुढच्या वेळी औषध टाळणे त्याला अधिक सोपे जाते. डोळ्यांच्या पडद्यातील, मूत्रपिंडातील आणि पायांच्या नसांभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्यांचे नुकसान मात्र या शांत काळातच होत असते.

या शांत काळात साखर किती वाढलेली होती, हे ओळखण्यासाठी एचबीए१सी ही रक्ताची चाचणी आहे. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे चार महिने जगतात आणि त्यांच्यातील हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते, म्हणून या चाचणीतून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. एचबीए१सी ७ टक्के असेल तर सरासरी साखर साधारण १५४, ८ टक्के असेल तर १८३ आणि ९ टक्के असेल तर २१२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. तपासणीच्या आधीचे चार दिवस काटेकोरपणे औषध घेतले तरी हा आकडा फारसा हलत नाही. पंडुरोग किंवा नुकताच झालेला मोठा रक्तस्राव असेल तर तो चुकीचा येऊ शकतो, एवढे डॉक्टरांना आठवणीने सांगावे.

पैशांची चणचण असणाऱ्यांना धीर देणारी एक वस्तुस्थिती येथेच नोंदवतो. टाइप २ मधुमेहात साखर ताब्यात ठेवल्याने गुंतागुंत टळते, याचा भक्कम पुरावा ब्रिटनमधील यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासातून १९९८ साली मिळाला. १९७७ पासून त्यात ५,१०२ नव्या रुग्णांची नोंद झाली होती. कसून उपचार घेणाऱ्या गटाचा एचबीए१सी दहा वर्षांत सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास राहिला, दुसऱ्या गटाचा ७.९ टक्के, एवढ्या फरकाने बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती २५ टक्क्यांनी कमी झाल्या. आणि या अभ्यासात वापरलेली औषधे कोणती होती? मेटफॉर्मिन, सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या आणि साधे इन्सुलिन, म्हणजे आज जेनेरिक स्वरूपात, ब्रँडऐवजी मूळ रासायनिक नावाने, सर्वांत कमी खर्चात मिळणारी औषधे. नवी महाग औषधे परवडत नाहीत म्हणून आपल्याला उपचारच नाही, असे समजण्याचे कारण नाही.

पहिली पायरी: मधुमेहाचा प्रकार आणि औषधांची यादी कागदावर आणावी

तुम्हाला टाइप १ मधुमेह आहे की टाइप २, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून लिहून ठेवावे, कारण खर्चात कोठे हात घालता येतो आणि कोठे मुळीच नाही, हे त्यावर ठरते. टाइप १ मध्ये शरीरात इन्सुलिन जवळपास तयार होत नाही. बाहेरून घेतलेले इन्सुलिन थांबले तर एक-दोन दिवसांतही किटोॲसिडोसिस ही जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. तेथे इन्सुलिनला पर्याय नाही आणि कोणतीही गोळी, काढा किंवा पथ्य त्याची जागा घेऊ शकत नाही. टाइप २ मध्ये शरीरात इन्सुलिन तयार होते, पण ते पुरत नाही किंवा नीट काम करत नाही; तेथे औषधांची निवड करायला पुष्कळ वाव असतो.

त्यानंतर घरातील सगळी औषधे समोर ठेवून प्रत्येकाचे मूळ रासायनिक नाव, मिलिग्रॅममधील मात्रा आणि दिवसातील वेळा लिहाव्यात. पाकिटावर ब्रँडचे नाव मोठ्या अक्षरांत आणि मूळ नाव बारीक अक्षरांत असते. आपल्याला दुसरे हवे आहे. दोन वेगळ्या डॉक्टरांनी दोन वेगळ्या ब्रँडखाली एकच औषध लिहिल्याचे अशा यादीतूनच लक्षात येते.

दुसरी पायरी: पाकिटाची किंमत बाजूला ठेवून दिवसाचा खर्च काढावा

पाकिटे वेगवेगळ्या आकारांची असल्याने किमतींची सरळ तुलना फसवी ठरते. प्रत्येक औषधाची किंमत भागिले ते किती दिवस पुरते, हा हिशेब करावा. ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या आणि १००० मिलिग्रॅमची एक गोळी यांचा दिवसाचा खर्च बरेचदा वेगळा निघतो. दोन औषधे एकत्र असलेली गोळी काही वेळा दोन सुट्या गोळ्यांपेक्षा स्वस्त असते, काही वेळा बरीच महाग. अंदाज न बांधता दोन्हींचे आकडे औषधविक्रेत्याकडून मागून घ्यावेत.

गोळी अर्धी करून पैसे वाचवण्याचा मार्ग अनेक जण सुचवतात. मध्ये खाच असलेली साधी गोळी डॉक्टरांच्या संमतीने अर्धी करता येते आणि मोठ्या मात्रेची गोळी घेऊन तिचे दोन भाग करणे स्वस्त पडू शकते. औषध हळूहळू सोडणारी, म्हणजे एसआर, ईआर किंवा एक्सआर असे लिहिलेली गोळी मात्र फोडू अथवा चुरडू नये. त्यापैकी बहुतेक गोळ्यांची रचनाच तसे केल्याने बिघडते आणि दिवसभराचे औषध एकदम शरीरात जाऊ शकते. अर्धी गोळी घेणे आणि अर्धा डोस घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही घरातील सगळ्यांना समजलेले असावे.

इन्सुलिनचा हिशेब अधिक बारकाईने करावा लागतो, कारण तेथे वाया जाणारे औषध हाच मोठा खर्च असतो. उघडलेले बहुतेक प्रकारचे इन्सुलिन खोलीच्या तापमानाला सुमारे चार आठवडेच वापरायचे असते. समजा, तुम्ही दिवसाला २० युनिट घेता. १०० युनिट प्रति मिलिलिटर तीव्रतेच्या १० मिलिलिटरच्या कुपीत १,००० युनिट असतात. २८ दिवसांत त्यातील ५६० वापरले जातात आणि ४४० टाकून द्यावे लागतात. पेनमध्ये बसवायच्या ३ मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट असतात आणि टोचण्याआधी सुई तपासताना जाणारे थेंब धरूनही ते जवळपास दोन आठवडे पुरते, म्हणजे वाया काही जात नाही. प्रति युनिट स्वस्त दिसणारी कुपी अशा रुग्णाला प्रत्यक्षात महाग पडू शकते. दिवसाला ४० युनिट घेणाऱ्याला मात्र तीच कुपी २५ दिवसांत संपत असल्याने किफायतशीर ठरते. म्हणून आपला रोजचा आकडा हातात घेऊनच कुपी, कार्ट्रिज आणि तयार पेन यांची तुलना करावी.

तिसरी पायरी: डॉक्टरांना रक्कम सांगावी

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि सर्वांत जास्त वेळा तीच गाळली जाते. परवडत नसल्याचे सांगायला संकोच वाटतो. डॉक्टर नाराज होतील किंवा उपचारात हयगय करतील, अशी भीती असते. पण डॉक्टरांच्या बाजूने पाहावे. एचबीए१सी ९.५ टक्के आला आहे आणि चिठ्ठीत दोन औषधे आहेत. रुग्ण ती अर्धीच घेतो हे ठाऊक नसल्याने डॉक्टर या आकड्याचा असा अर्थ लावणार की औषधे अपुरी पडत आहेत, आणि ते तिसरे औषध वाढवणार किंवा इन्सुलिनचा डोस चढवणार. खर्च आणखी वाढतो. त्यातच एखाद्या महिन्यात पैसे हाती येऊन रुग्णाने सगळी औषधे पूर्ण मात्रेत घेतली, तर साखर एकदम खाली जाऊन तो बेशुद्ध पडण्याचा धोका निर्माण होतो. पैशांची अडचण ही अशा वेळी ताप किंवा ॲलर्जीइतकीच आवश्यक वैद्यकीय माहिती असते.

बोलायचे काय, ते आधीच ठरवून जावे. ‘डॉक्टर, माझा विमा नाही. औषधे आणि तपासण्या मिळून महिन्याला मी एवढी रक्कम खर्च करू शकतो. गेल्या महिन्यात मी रात्रीची गोळी निम्म्याहून अधिक दिवस घेतलेली नाही. या रकमेत बसेल असे औषध देता येईल का?’ या चार वाक्यांत त्यांना हवी असलेली सगळी माहिती येते. त्यानंतर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. या यादीतील कोणते औषध एक दिवसही चुकवू नये? कोणते जेनेरिक घेतले तर चालेल? आणि कोणत्या औषधाची आता गरज उरलेली नाही? शेवटचा प्रश्न अनेकदा सर्वाधिक उपयोगी ठरतो, कारण वर्षानुवर्षे लिहिली जाणारी एखादी गोळी पुन्हा तपासून पाहण्याची वेळ कोणावर आलेली नसते.

भेटीचा खर्चही मोजावा. साखर स्थिर असेल तर प्रत्यक्ष भेटींमधील अंतर वाढवता येईल का, तोवरच्या नोंदी फोनवर कळवता येतील का आणि चिठ्ठी तीन महिन्यांची मिळेल का, हे विचारण्यात काहीच गैर नाही.

चौथी पायरी: टाइप २ साठीची कमी खर्चाची औषधे ओळखून घ्यावीत

येथे दिलेली माहिती डॉक्टरांशी समजून बोलता यावे यासाठी आहे. तिच्या आधारे स्वतःच औषध सुरू करू नये.

मेटफॉर्मिन हे बहुतेक रुग्णांचे पहिले औषध असते. फ्रान्समध्ये १९५७ साली ते मधुमेहासाठी वापरात आले. ते एचबीए१सी साधारण एक ते दीड टक्क्याने कमी करते, वजन वाढवत नाही आणि एकटे घेतले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरवत नाही. यूकेपीडीएसमध्ये जास्त वजनाच्या रुग्णांना मेटफॉर्मिन दिल्यावर एकूण मृत्यूंचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी आढळले होते. अनेक जण हे स्वस्त औषध सोडतात ते सुरुवातीच्या मळमळीमुळे आणि जुलाबांमुळे, आणि मग त्यांना महाग औषधांकडे वळावे लागते. हा त्रास बहुधा टाळता येतो: ५०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी, गोळी जेवणासोबत घ्यावी आणि मात्रा आठवड्या-आठवड्याने वाढवावी. तरीही त्रास राहिला तर हळूहळू विरघळणारा प्रकार मागावा. मूत्रपिंडाच्या कार्याचा ईजीएफआर हा आकडा ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन देत नाहीत, ४५ च्या खाली असेल तर मात्रा कमी करतात. दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. पायांना मुंग्या येऊ लागल्या तर नसांच्या महाग औषधांआधी बी१२ ची तपासणी करून घ्यावी.

दुसरा गट सल्फोनिलयुरियाचा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड आणि ग्लिबेनक्लामाइड ही त्यातील परिचित नावे. प्रभाव चांगला आणि खर्च कमी. जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादित साधनांच्या ठिकाणांसाठी २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही मेटफॉर्मिन पुरेसे न पडल्यास पुढचे औषध म्हणून हाच गट सुचवला आहे. धोका साखर फार उतरण्याचा असतो, विशेषतः गोळी घेऊन जेवण चुकल्यास. वृद्धांमध्ये आणि मूत्रपिंड अधू असलेल्यांमध्ये ग्लिबेनक्लामाइडने हा धोका अधिक असल्याने त्यांच्यासाठी ग्लिक्लाझाइडसारखा तुलनेने सुरक्षित पर्याय विचारावा. घाम, थरथर, एकाएकी लागलेली भूक, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसली आणि साखर ७० च्या खाली असेल तर साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार लहान चमचे, पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि गरज असल्यास तेच पुन्हा करावे. यासाठी विकतच्या खास ग्लुकोज गोळ्यांची गरज नाही. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये; त्याला लगेच रुग्णालयात न्यावे.

पायोग्लिटाझोन आणि सिटाग्लिप्टिनसारखी औषधेही अनेक देशांत जेनेरिक स्वरूपात मिळतात. हृदय निकामी होत असलेल्यांना पायोग्लिटाझोन देत नाहीत, एवढे लक्षात ठेवावे.

आता एक अपवाद, आणि तो स्पष्टपणे सांगायला हवा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांच्या गटातील गोळ्या केवळ साखरेसाठी दिल्या जात नाहीत. हृदय निकामी होणे आणि मूत्रपिंडाचा ऱ्हास या दोन्हींवर त्यांचा सिद्ध झालेला उपयोग आहे, आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा गट आवश्यक औषधांच्या यादीत घेतला. तुम्हाला हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ‘महाग आहे’ एवढ्या कारणाने ही गोळी यादीतून पहिल्यांदा कापू नये. डॅपाग्लिफ्लोझिनची जेनेरिक रूपे अनेक ठिकाणी आल्याने आधी त्यांची किंमत विचारावी. उलट्या-जुलाब होत असताना किंवा अन्नपाणी बंद असताना ही गोळी आणि मेटफॉर्मिन तात्पुरते थांबवावे लागते; ते केव्हा आणि किती दिवस, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

पाचवी पायरी: इन्सुलिन निवडताना आणि बदलताना घ्यायची काळजी

१९२३ साली इन्सुलिनच्या शोधकर्त्यांनी आपले पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले होते. ज्या औषधाची सुरुवात अशी झाली ते शंभर वर्षांनंतरही कोणाला पैशांअभावी मिळू नये, ही मोठी वेदनेची गोष्ट आहे. तरीही खर्च कमी करण्याचा एक खरा मार्ग येथे आहे: ॲनालॉग इन्सुलिनऐवजी (म्हणजे रचनेत थोडा बदल करून बनवलेल्या नव्या इन्सुलिनऐवजी) जुने मानवी इन्सुलिन, म्हणजे जेवणाआधीचे रेग्युलर आणि मध्यम काळ टिकणारे एनपीएच, किंवा दोन्हींचे तयार मिश्रण. ॲनालॉगची सोय आणि सौम्यता नाकारता येत नाही. विशेषतः टाइप १ मध्ये आणि रात्री वारंवार साखर उतरणाऱ्यांमध्ये तिचे मोल आहे. पण टाइप २ मधील सुमारे २५ हजार रुग्णांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात दीर्घकाळ टिकणारे ॲनालॉग सुरू केलेल्यांना आणि एनपीएच सुरू केलेल्यांना साखर अतिशय उतरल्यामुळे रुग्णालयात जावे लागण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही, आणि एचबीए१सीतही ॲनालॉगने सरसपणा दाखवला नाही.

हा बदल डॉक्टरांच्या सूचनेनेच करावा, कारण युनिटचा आकडा तसाच ठेवून चालेलच असे नाही. पुष्कळदा सुरुवातीला सुमारे २० टक्के कमी डोस देऊन मग तो हळूहळू जुळवतात. सवयीही बदलाव्या लागतात. लवकर काम करणारे ॲनालॉग जेवायला बसताना टोचता येते. रेग्युलर मात्र जेवणाआधी अर्धा तास टोचावे लागते. एनपीएचचा जोर टोचल्यानंतर साधारण चार ते दहा तासांत असतो, म्हणून रात्री घेतल्यास मध्यरात्रीनंतर साखर उतरू शकते. बदलानंतरचे काही दिवस रात्री दोन-तीनच्या सुमारास एकदा तपासणे शहाणपणाचे आहे. एनपीएच गढूळ असते, ते तळहातांमध्ये हलकेच फिरवून एकजीव करूनच घ्यावे.

सिरिंजबाबत अत्यंत सावध राहावे. काही देशांत १०० युनिट प्रति मिलिलिटर आणि ४० युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन तीव्रतांच्या कुप्या मिळतात आणि प्रत्येकीची सिरिंज वेगळी असते. ४० च्या सिरिंजने १०० चे इन्सुलिन ओढले तर अडीचपट डोस शरीरात जातो. स्वस्त पर्यायाकडे वळताना कुपी बदलली की सिरिंजवरचा आकडाही तपासावा.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे, गोठू देऊ नये. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी टाकून द्यावे. उन्हात किंवा बंद वाहनात ठेवलेले इन्सुलिन निकामी होते. स्वतःचा पेन किंवा सिरिंज दुसऱ्याला देऊ नये, आणि दुसऱ्याची घेऊ नये. सुई बदलली तरी पेनमधून रक्तावाटे पसरणारे आजार जाऊ शकतात.

सहावी पायरी: तपासण्यांवरचा पैसा योग्य ठिकाणी लावावा

ग्लुकोमीटर घेताना यंत्राच्या किमतीकडे न पाहता त्याच्या पट्ट्यांच्या किमतीकडे पाहावे, कारण एका यंत्राला दुसऱ्याच्या पट्ट्या चालत नाहीत आणि खर्च पुढची अनेक वर्षे पट्ट्यांवरच होतो. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या आणि साखर स्थिर असलेल्या व्यक्तीने रोज बोट टोचण्याची सहसा गरज नसते. त्याऐवजी एखादा आठवडा निवडून रोज एका वेगळ्या जेवणाआधी आणि त्यानंतर दोन तासांनी साखर पाहावी. थोड्याच पट्ट्यांत कोणत्या जेवणाने ती चढते, हे कळते. जेवणाआधी ८० ते १३० आणि नंतर १८० च्या खाली हे अनेक प्रौढांसाठीचे सर्वसाधारण लक्ष्य आहे. वृद्धांसाठी ते सैल ठेवतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र पट्ट्यांमध्ये काटकसर करताना फार जपावे. डोस ठरवण्यापूर्वी, झोपण्यापूर्वी आणि वाहन चालवण्यापूर्वीची तपासणी टाळू नये.

एचबीए१सी औषध बदलल्यावर तीन महिन्यांनी आणि साखर स्थिर असल्यास वर्षातून दोनदा पुरेसा आहे. वर्षातून एकदा मूत्रपिंडांसाठी लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन, तसेच डोळ्यांचा पडदा आणि पायांची संवेदना तपासून घ्यावी. पाय रोज स्वतः पाहण्याला तर काहीच खर्च येत नाही. जखम लहान असतानाच दाखवली तर पाय वाचतो.

सातवी पायरी: कात्री लावायचीच असेल तर कोठे लावावी

‘मधुमेहींसाठी खास’ असे लिहिलेले तयार खाद्यपदार्थ आणि पेये, साखर उतरवण्याचा दावा करणारी चूर्णे आणि थेंब, कमतरता सिद्ध न होता सुरू असलेली जीवनसत्त्वे ही सर्वप्रथम थांबवावीत. त्यांवरचा पैसा पुष्कळदा मेटफॉर्मिनच्या खर्चाहून अधिक असतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालण्याने साखर खरोखर कमी चढते आणि त्याला काहीच पैसे लागत नाहीत.

रक्तदाबाची गोळी आणि कोलेस्टेरॉलसाठीचे स्टॅटिन ही दोन्ही ‘साखरेची नाहीत’ म्हणून पहिल्यांदा सोडली जातात, आणि ही फार मोठी चूक आहे. मधुमेही व्यक्तीला सर्वाधिक धोका हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा असतो; यूकेपीडीएसमध्येच रक्तदाब चांगला ताब्यात ठेवलेल्या गटात पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले होते. ही औषधे जेनेरिक स्वरूपात बहुतेक ठिकाणी स्वस्त आहेत. माझ्या मते, खर्च केलेल्या पैशाच्या मानाने एवढे संरक्षण देणारे दुसरे औषध मधुमेहाच्या चिठ्ठीत क्वचितच असते.

आठवी पायरी: मदतीची सोय आणि औषध संपण्याच्या वेळेची तयारी

अडचण येण्यापूर्वीच चार ठिकाणी चौकशी करून ठेवावी: सरकारी रुग्णालयाचा औषध विभाग, वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले मधुमेह केंद्र, धर्मादाय दवाखाना आणि तुमच्या औषधाच्या उत्पादक कंपनीची रुग्णसाहाय्य योजना, ती तुमच्या देशात असल्यास. कोणती कागदपत्रे लागतात, मंजुरीला किती दिवस जातात आणि औषध किती काळासाठी मिळते, हे लिहून घ्यावे. उत्पन्नाचा दाखला आणि ताजी चिठ्ठी यांच्या प्रती एका पाकिटात तयार ठेवाव्यात. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक किंवा समुपदेशक असेल तर प्रथम त्यांना भेटावे. उपलब्ध योजनांची माहिती त्यांच्याकडे बहुधा डॉक्टरांहून अधिक असते. अनोळखी विक्रेत्याकडून किंवा संकेतस्थळावरून स्वस्तात मिळणारे इन्सुलिन घेऊ नये, कारण ते कोणत्या तापमानात ठेवले गेले हे बाहेरून ओळखता येत नाही.

औषध उघडतानाच ते संपण्याची तारीख दिनदर्शिकेत लिहावी आणि तिच्या दहा दिवस आधी पुढच्या औषधाची व्यवस्था सुरू करावी. मेटफॉर्मिनसारखी गोळी एखाद-दोन दिवस चुकली तर घाबरून दुप्पट घेऊ नये, नेहमीच्या मात्रेने पुढे चालू करावी. खंड मोठा असेल तर पूर्वीच्या मात्रेवर एकदम न जाता डॉक्टरांना विचारून पुन्हा लहान मात्रेपासून चढावे.

टाइप १ मधुमेहात इन्सुलिन संपणे हा मात्र त्याच दिवशीचा तातडीचा प्रसंग आहे. उलट्या, पोटात दुखणे, खोल व जलद श्वास, श्वासाला फळासारखा वास किंवा गुंगी यांपैकी काही दिसण्याची वाट पाहू नये. जेवण कमी केले म्हणून इन्सुलिनशिवाय निभावेल, हा समजही मनात आणू नये. उपाशी असतानाही दिवसभर शरीराला लागणारे मूळ (बेसल) इन्सुलिन घ्यावे लागतेच. पैसे जवळ असोत वा नसोत, जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे आणि दारातच सांगावे: ‘टाइप १ मधुमेह आहे, इन्सुलिन संपले आहे.’ शेवटचा डोस केव्हा आणि किती घेतला, हेही सोबतच्या व्यक्तीला ठाऊक असावे. उपचारानंतर घरी सोडताना पुढच्या महिन्याचे इन्सुलिन कोठून मिळणार, हे तेथील डॉक्टरांशी आणि समाजसेवा अधीक्षकांशी बोलून ठरवावे आणि ते ठरल्यावरच रुग्णालयातून निघावे.